विश्लेषण : जुना डीएसएलआर की नवा कॉम्पॅक्ट? मंडईत फोटो काढणाऱ्याने काय घ्यावे?

पुण्यात फोटोग्राफी शिकू लागलेली मंडळी कधी ना कधी महात्मा फुले मंडईत जाऊन पोहोचतातच. कोथिंबिरीच्या जुड्या, लिंबांचे ढीग, कमानीतून येणारे तिरपे ऊन, गाळ्यावर बसून तराजू सावरणाऱ्या मावशी. फोनच्या पडद्यावर हे सारे झकास दिसते. पण तोच फोटो संगणकावर मोठा करून पाहिला की मावशींचा हात हललेला असतो, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसल्यासारख्या दिसतात आणि सावलीतला भाग रंग फासल्यासारखा वाटतो. मग कॅमेरा घेण्याचा विचार सुरू होतो आणि दोन पर्याय समोर येतात. कुणाचा तरी वापरलेला, जुना पण दणकट डीएसएलआर. किंवा खिशात मावणारा नवा कॉम्पॅक्ट. दुकानदार एक सांगतो, मित्र दुसरेच सांगतो. पैसे मात्र एकदाच खर्च होणार असतात.

हा प्रश्न आताच का पडतो आहे?

कारण दोन्ही प्रकारचे कॅमेरे त्यांच्या भरभराटीच्या काळातून बाहेर पडले आहेत. जपानमधील कॅमेरा उत्पादकांच्या ‘सीपा’ या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे पाठवले गेले. २०२३ मध्ये हा आकडा ८० लाखांच्याही खाली होता. सर्वात मोठा फटका बसला तो साध्या कॉम्पॅक्टना. त्यांची जागा फोनने घेतली. डीएसएलआरची जागा मिररलेस कॅमेऱ्यांनी घेतली. २०२० मध्ये बाजारात आलेला ‘१डी एक्स मार्क ३’ हा आपला शेवटचा सर्वोच्च श्रेणीतील डीएसएलआर असल्याचे कॅननने नंतर स्पष्ट केले. व्यावसायिक छायाचित्रकार मिररलेसकडे वळल्याने चांगल्या स्थितीतले डीएसएलआर स्वस्तात विक्रीला आले आहेत. दुसरीकडे, जे कॉम्पॅक्ट उरले ते महाग झाले. फुजीफिल्मचा ‘एक्स१००व्हीआय’ फेब्रुवारी २०२४ मध्ये १,५९९ डॉलर किमतीला जाहीर झाला. म्हणजे ‘छोटा कॅमेरा म्हणजे स्वस्त कॅमेरा’ हा हिशेब आता चालत नाही.

मंडई ही कसोटी का?

एकोणिसाव्या शतकात ‘रे मार्केट’ म्हणून उभी राहिलेली ही अष्टकोनी इमारत छायाचित्रकाराची चांगलीच परीक्षा घेते. मधल्या मनोऱ्याच्या आसपास उजेड कमी, कडेच्या कमानींजवळ लख्ख ऊन आणि गाळ्यांवर दिव्यांचा प्रकाश. एकाच चौकटीत तीन प्रकारचा उजेड येतो. शिवाय कोणी स्थिर नसते. भाजी निवडणारे हात, पोती उचलणारे हमाल, घासाघीस करणारे गिऱ्हाईक. ट्रायपॉड लावायला जागा नाही आणि लावला तर लोकांच्या पायात येतो. थोडक्यात, कमी उजेड आणि हालचाल या दोन्ही अडचणी इथे एकत्र भेटतात. जो कॅमेरा मंडईत चालतो, तो घरच्या बारशात, शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि लग्नाच्या हॉलमध्येही चालतो.

मोठा सेन्सर म्हणजे चांगला फोटो, हे कितपत खरे?

अर्धेच खरे. दुकानात या अर्ध्या सत्यावरच कॅमेरे विकले जातात. निकॉनच्या ‘डी५६००’ या २०१६ सालच्या डीएसएलआरचा सेन्सर २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३६६ चौरस मिलिमीटरचा आहे. कॅननच्या ‘जी७एक्स मार्क ३’सारख्या कॉम्पॅक्टमध्ये ‘एक इंची’ म्हणून ओळखला जाणारा सेन्सर असतो. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ११६ चौरस मिलिमीटर. डीएसएलआरचा सेन्सर तिपटीहून मोठा. इथवर डीएसएलआर जिंकला असे वाटते.

पण उजेड सेन्सरवर येतो तो लेन्समधून. डीएसएलआरसोबत मिळणाऱ्या १८-५५ मिलिमीटरच्या ‘किट लेन्स’चे छिद्र जास्तीत जास्त एफ/३.५ पर्यंत उघडते आणि झूम केल्यावर एफ/५.६ वर येते. या कॉम्पॅक्टची लेन्स एफ/१.८ ते एफ/२.८ आहे. आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. सेन्सरचे क्षेत्रफळ आणि छिद्र यांचा एकत्र हिशेब केला, तर एकाच शटर वेगाला कॉम्पॅक्टचा लहान सेन्सर एकूण उजेड किट लेन्स लावलेल्या डीएसएलआरपेक्षा थोडा जास्तच गोळा करतो. म्हणजे जुना डीएसएलआर आणि त्याची किट लेन्स घेऊन मंडईत गेलेला माणूस जड पिशवी वाहूनही फारसे काही कमावत नाही.

आता त्याच डीएसएलआरवर एफ/१.८ ची ३५ किंवा ५० मिलिमीटरची, झूम नसलेली लेन्स लावा. गोळा होणारा उजेड कॉम्पॅक्टच्या सुमारे तिप्पट होतो. नव्या सेन्सरचे तंत्र सुधारले आहे, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक थोडा कमी भरेल. पण तो पुसला जात नाही. ‘डीएसएलआर की कॉम्पॅक्ट’ या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यामुळे लेन्समध्ये दडलेले आहे.

खिशात फोन असताना वेगळे काय मिळणार?

खरेदीआधी हा प्रश्न सर्वात आधी विचारायला हवा. चांगला फोन एका क्लिकमध्ये अनेक फोटो टिपून ते एकत्र करतो आणि उजेडाची कमतरता गणिताने भरून काढतो. स्थिर वस्तूंसाठी ही युक्ती उत्तम चालते. टोमॅटोचा ढीग हलत नाही; तो फोनवर सुरेख येतो. पण तराजूत भाजी टाकणारा हात हलतो आणि तिथे फोनचे गणित अडखळते.

म्हणून अगदी स्वस्त नव्या कॉम्पॅक्टपासून दूर राहिलेले बरे. अशा कॅमेऱ्यांत बहुधा १/२.३ इंची प्रकारचा सेन्सर असतो. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम २८ चौरस मिलिमीटर. आजच्या बऱ्याच चांगल्या फोनमधला मुख्य सेन्सर याहून मोठा आहे. अशा कॅमेऱ्यात फोनपेक्षा जास्त काय मिळते, तर लांबचा झूम. ‘नवा आहे, गॅरंटी आहे’ एवढ्यावर तो घेणे म्हणजे खिशात असलेलीच वस्तू पुन्हा विकत घेणे.

कॉम्पॅक्टच्या बाजूने बोलण्यासारखे काय?

बरेच काही. ‘जी७एक्स मार्क ३’चे वजन सुमारे ३०० ग्रॅम. ‘डी५६००’ बॅटरीसह ४६५ ग्रॅम, वर लेन्स वेगळी आणि पिशवी वेगळी. रोज ऑफिसला जाताना कोण एवढे बाळगणार? मंडईचे मेट्रो स्थानक सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून जाता-येता अर्धा तास मंडईत उतरणे सोपे झाले आहे. पण कॅमेरा घरच्या कपाटात असेल, तर त्याचा उपयोग नाही.

व्हिडीओतही कॉम्पॅक्ट पुढे आहे. ‘डी५६००’ फुल एचडीपर्यंतच व्हिडीओ घेतो आणि पडद्यावर पाहून चित्रण करताना त्याचा फोकस अडखळतो. हा कॉम्पॅक्ट फोर-के चित्रण करतो आणि त्याला बाहेरचा माइक जोडता येतो. रील्स आणि व्लॉग करणाऱ्याने जुन्या डीएसएलआरच्या वाटेला जाऊ नये.

बॅटरीत मात्र डीएसएलआरला तोड नाही. त्यातून आरशामार्फत थेट दृश्य दिसते, पडदा सतत चालू ठेवावा लागत नाही. ‘डी५६००’ प्रमाणित चाचणीत एका चार्जिंगवर ९७० फोटो काढतो. ‘जी७एक्स मार्क ३’ सुमारे २३५.

विसर्जन मिरवणुकीत कोणता टिकतो?

पुण्याच्या गणपती विसर्जनाची मुख्य मिरवणूक मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून सुरू होते. ढोल-ताशांचे वादन, गर्दी आणि गुलाल. इथे दोन्ही कॅमेऱ्यांची कमजोर बाजू उघडी पडते. डीएसएलआरची लेन्स गर्दीत बदलली, की गुलाल आणि धूळ थेट आत जाते. म्हणून एक लेन्स घरूनच लावून यावी आणि परतेपर्यंत काढू नये. सेन्सरवर धूळ बसलीच, तर ती जाणकाराकडून साफ करून घेता येते. कॉम्पॅक्टची लेन्स दुर्बिणीच्या नळीसारखी आत-बाहेर होते आणि त्यातून बारीक धूळ आत ओढली जाऊ शकते. एकदा ती सेन्सरवर पोहोचली, की कॅमेरा खोलावाच लागतो.

माणसांसमोर कोणता कॅमेरा बरा?

कॉम्पॅक्ट लहान असतो, कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून ‘नैसर्गिक’ फोटो मिळतात, असे सांगितले जाते. ते खरे आहे आणि अडचणही तिथेच आहे. मंडईत बसलेली माणसे देखाव्याचा भाग नाहीत; ती कामावर आहेत. मोठा कॅमेरा लपत नाही, त्यामुळे ‘मावशी, एक फोटो काढू का?’ असे विचारणे भाग पडते. कधी होकार मिळतो, कधी ‘आधी भाजी घ्या’ असे ऐकावे लागते, कधी पदर चेहऱ्यावर ओढला जातो. तिन्ही उत्तरे मान्य करायला शिकणे हाही फोटोग्राफीचाच धडा आहे. कॉम्पॅक्ट वापरणाऱ्यालाही तो शिकता येतो. फक्त त्याला तो स्वतःहून शिकावा लागतो. ओळख झाली की दुसऱ्या खेपेला छापलेला फोटो हातात नेऊन द्यावा. तिसऱ्या खेपेला कॅमेऱ्याचा आकार कुणी पाहत नाही.

जुना कॅमेरा घेताना काय तपासावे?

पहिली गोष्ट शटर. ‘डी५६००’च्या श्रेणीतील कॅमेऱ्यांचे शटर साधारण १ लाख क्लिकपर्यंत तपासलेले असते. निकॉनच्या फोटो फाइलमध्ये हा आकडा नोंदलेला असतो. विक्रेत्याकडून ताजा फोटो मागून तो पाहता येतो. लग्नाच्या ऑर्डरी केलेला कॅमेरा दोन वर्षांतही थकलेला असू शकतो आणि हौशी माणसाचा दहा वर्षांचा कॅमेरा ताजातवाना असू शकतो. वयापेक्षा वापर महत्त्वाचा.

दुसरी गोष्ट बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये बुरशी धरते. मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूने पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसले, तर ती लेन्स स्वस्तातही घेऊ नये. घरी आल्यावर लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी.

तिसरी गोष्ट जुळणी. निकॉनच्या ‘डी३०००’ आणि ‘डी५०००’ मालिकेतील कॅमेऱ्यांमध्ये फोकसची मोटर नसते. त्यांवर जुनी, ‘एएफ-डी’ प्रकारची ५० मिलिमीटर लेन्स बसते, पण फोकस हाताने करावा लागतो. स्वस्त मिळाली म्हणून अशी लेन्स घेणारे इथेच फसतात.

चौथी गोष्ट सेन्सर. छिद्र एफ/१६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा. काळे ठिपके दिसले, तर ती धूळ आहे आणि किंमत कमी करून घ्यायला ते सबळ कारण आहे.

मग निर्णय काय?

फोटोग्राफी शिकायची आहे, पैसे मोजकेच आहेत आणि हातात बऱ्यापैकी फोन आहे, अशा वाचकाने जुना डीएसएलआर घ्यावा. मात्र तो किट लेन्सवर थांबवू नये. कॅमेऱ्यावरचे चार-पाच हजार कमी करून, एखादे मॉडेल मागचे घेऊन, ते पैसे एफ/१.८ च्या एका लेन्सवर घालावेत. कमी उजेडात हलणारी माणसे टिपणे हे फोनला जमत नसलेले काम हीच जोडी करते. ही लेन्स जपून वापरली तर शरीर बदलले तरी उपयोगी पडते आणि पुढे विकली तरी बऱ्यापैकी पैसे परत देते.

याच्या विरोधात एक खरा मुद्दा उरतो. डीएसएलआरची वाट आता पुढे जात नाही. नवी मॉडेल्स, नव्या लेन्स येणार नाहीत, आज ना उद्या सुटे भागही दुर्मीळ होतील. पण शिकणाऱ्याला वीस वर्षांची सोय नको असते; त्याला पुढच्या तीन वर्षांत भरपूर फोटो काढायचे असतात. तेवढे काम जुना डीएसएलआर खात्रीने करतो.

ज्यांना व्हिडीओ हवा आहे, प्रवासात वजन नको आहे किंवा पाठीच्या दुखण्यामुळे पिशवी झेपत नाही, त्यांनी एक इंची किंवा त्याहून मोठ्या सेन्सरचा कॉम्पॅक्ट घ्यावा आणि त्यासाठी पैसे साठवावेत. मधला, स्वस्त आणि नवा पर्याय कुणाच्याच कामाचा नाही.

आणि शंका उरलीच, तर खरेदीआधी एक सकाळ काढावी. मित्राचा डीएसएलआर उसना घेऊन मंडईत दोन तास फिरावे. घरी येताना खांदा दुखत असेल, तर कॉम्पॅक्ट घ्यावा. फोटो पाहायची घाई झाली असेल, तर डीएसएलआर घ्यावा.