कानांनी वाचायची राज्यघटना

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने आपल्या साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. दोनच दिवसांनी शेजारच्या जगदलपुरात दोनशेहून अधिक नक्षलवाद्यांनी तोच मार्ग पत्करला, तेव्हा गुलाबाच्या फुलासोबत त्यांच्या हाती भारताच्या राज्यघटनेची प्रत देण्यात आली. ज्यांनी आयुष्यभर हा ग्रंथ नाकारला, त्यांच्या हाती तोच ग्रंथ यावा, हा प्रसंग हृद्य खराच. परंतु ग्रंथ हाती आला म्हणजे तो कळला असे होत नाही. घटनेच्या अधिकृत मराठी अनुवादाची भाषा पदवीधरालाही अडखळायला लावणारी आहे. मग ज्याची मातृभाषा माडिया वा गोंडी आहे आणि ज्याचे शिक्षण जंगलातील तळावर झाले, त्याने ती कशी वाचावी? बंदूक गेली, तिच्या जागी कायद्याचा विश्वास यायचा असेल, तर हा प्रश्न टाळता येणार नाही.

यावर आजकाल सुचविला जाणारा एक उपाय म्हणजे पॉडकास्ट. मोबाइलवर हवे तेव्हा, हवे तितके ऐकावे, थांबवावे, पुन्हा लावावे. घटनाविषयक कायद्यावर अशा ध्वनिमालिका आता पुष्कळ निघाल्या आहेत आणि त्यांतील काही खरोखर अभ्यासपूर्ण आहेत. सप्टेंबर २०२२ पासून तर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढील सुनावणीही घरबसल्या पाहता-ऐकता येते. एकेकाळी केवळ वकिलांच्या कानी पडणारा युक्तिवाद धानोऱ्याच्या चहाच्या टपरीवर ऐकू येऊ शकतो, ही लहानसहान गोष्ट नव्हे. मात्र तो इंग्रजीत असतो. घटनेच्या ३४८व्या अनुच्छेदानुसार सर्वोच्च न्यायालयाची भाषा आजही इंग्रजीच आहे, आणि बहुतेक ध्वनिमालिकाही तीच वाट चालतात. त्यांचे विषयही ठरलेले असतात. १९७३ चा केशवानंद भारती खटला, तेरा न्यायमूर्ती, नानी पालखीवालांचा युक्तिवाद, मूलभूत संरचनेचा सिद्धान्त. हे सारे महत्त्वाचे आहे. परंतु एटापल्ली-भामरागडच्या माणसाचे दैनंदिन जीवन घटनेच्या ज्या पानाशी बांधलेले आहे, ती पाचवी अनुसूची महानगरी वक्त्यांच्या बोलण्यात क्वचितच डोकावते.

ऐकून शिकणे आपल्याकडे नवे नाही. नवविधा भक्तीत श्रवण पहिले. अक्षरओळख नसलेल्या पिढ्यांनी रामायण आणि भागवत कीर्तनातून आत्मसात केले. गोंड समाजाची वंशपरंपरा परधानांनी ‘बाना’ या वाद्याच्या साथीने मुखोद्गत राखली. चंद्रपूर जिल्ह्यात तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ग्रामगीता आजही गावोगाव सामुदायिक प्रार्थनेनंतर मोठ्याने वाचली जाते आणि कोणीतरी तिचा अर्थ सांगतो. मात्र आपल्या परंपरेने श्रवणानंतर मनन सांगितले आहे. कानात यंत्र घालून एकट्याने ऐकणाऱ्याची गाडी बहुधा पहिल्याच स्थानकावर थांबते.

मनन म्हणजे नेमके काय, हे पाहायचे असेल तर धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) येथे जावे. जेमतेम पाचशे वस्तीचे हे गोंड गाव ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आमच्या गावात आमचे राज्य, या घोषणेमुळे सर्वदूर माहीत झाले. पण घोषणेपेक्षा मोलाची आहे ती तिथली अभ्यासगटाची पद्धत. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या सहकाऱ्यांसोबत बसत, बाहेरच्या जाणकारांना बोलावीत आणि एखादा कायदा शब्द न् शब्द ऐकून त्यावर प्रश्न विचारीत. अभ्यासगटात निर्णय होत नसे. तिथे फक्त समजून घ्यायचे. निर्णय ग्रामसभेत, तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. शिकणे आणि ठरविणे यांच्यातील हे अंतर राखण्याचे भान भल्याभल्या संस्थांना नसते.

या अभ्यासाचे फळ बांबूच्या रूपाने दिसले. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला गौण वनउपजाची मालकी मान्य केली, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजाच्या व्याख्येत बांबूचा नाव घेऊन समावेश केला. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाले. तरीही बांबू बाहेर विकण्याचा प्रश्न आला, तेव्हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबूची गणना झाडांत होते, हा जुना अर्थ आडवा आला. बांबू म्हणजे गवत की झाड, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या वर्गात कंटाळवाणा वाटेल. मेंढ्यात तो पोटाचा होता. गावाने व्याख्या समजून घेतली होती, म्हणून ते हटले नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. पुढे २०१३ मध्ये याच गावाने १९६४ चा, बहुतेकांच्या विस्मरणात गेलेला महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम हुडकून काढून गावाची शेतजमीन ग्रामसभेकडे सोपविण्याचे ठरविले.

आता या पद्धतीच्या शेजारी एकट्याचे ऐकणे ठेवून पाहावे. ध्वनिमालिका साऱ्या देशाला उद्देशून बोलते. कायदा मात्र गावाची शीव पाहून लागू होतो. धानोरा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, तिथे पेसा लागू आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातले पाचगाव त्या क्षेत्राबाहेरचे. तिथे पेसा नाही, परंतु वनहक्क कायदा आहे, आणि त्याच कायद्याच्या बळावर २०१२ मध्ये पाचगावने सामूहिक वनहक्क मिळवून स्वतः बांबू विकला. पेसावरचा एखादा उत्तम भाग ऐकून गोंडपिपरीचा तरुण तहसील कार्यालयात गेला, तर तो रिकाम्या हाताने परतेल आणि कायद्यालाच दोष देईल.

काळाचीही अशीच गफलत होते. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ज्यांचे वनहक्काचे दावे फेटाळले गेले, त्यांना वनजमिनीवरून हटविण्याचा आदेश राज्यांना दिला. २८ फेब्रुवारीला त्याच न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. या पंधरवड्यात ध्वनिमुद्रित झालेले विवेचन आजही कोणाच्या तरी मोबाइलवर तितक्याच ठाम आवाजात वाजू शकते. छापील कागदावर निदान तारीख डोळ्यांना दिसते.

आणि तिसरा धोका विपर्यासाचा. २०१७-१८ मध्ये झारखंडच्या खुंटी जिल्ह्यात पत्थलगडीच्या प्राचीन परंपरेचा आधार घेऊन गावांच्या वेशीवर शिळा उभ्या राहिल्या. त्यांवर घटनेचे अनुच्छेद कोरले होते, पण अर्थ असा लावला होता की शासनालाही गावात येण्यास मज्जाव करता यावा. पाचवी अनुसूची राज्यपालांकडे विशेष दायित्व सोपविते. ती गावाला देशाबाहेर काढत नाही. भोळ्या माणसाला घटनेच्याच नावाने घटनेपासून तोडता येते, आणि जे शिळेने साधले ते आवाजाने अधिक वेगाने साधेल.

म्हणून ध्वनिमालिका नकोत, असे कोणी म्हणू नये. त्या हव्यात, पण इथल्या हव्यात. गोंडी अद्याप आठव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे तिच्यात कायदा आणण्याचे काम केवळ शासनावर सोडले तर ते रेंगाळणार. २०११ पासून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे, चंद्रपुरात आकाशवाणीचे केंद्र आहे, आणि वनवासी क्षेत्रात वर्षानुवर्षे पाय रोवून राहिलेले कार्यकर्ते आहेत. त्यांनी मराठी, गोंडी व माडियात दहा-दहा मिनिटांचे भाग करावेत. प्रत्येक भागाच्या आरंभी तो कोणत्या तारखेचा आणि कोणत्या तालुक्यांना लागू, हे सांगावे. निकाल बदलला की जुना भाग मागे घ्यावा. ते वाजवावेत संध्याकाळी, समाजमंदिरात, सर्वांसमोर. प्रश्न आला की यंत्र थांबवावे. पहिला भाग बांबूच्या व्याख्येवर असावा, आणि तो ऐकताना गावाचा नकाशा व वनहक्काच्या दाव्याची फाईल मधोमध उघडी असावी.