घास बिबट्याचा, फोटो पाहुण्याचा, वासरू कोणाचे?



श्वापद शिकार खात असतानाचा फोटो काढायला मोठी चिकाटी लागते, असे शहरातले लोक सांगतात. लागत असेल. पण आपल्या शिवारातल्या अशा फोटोत बिबट्याच्या जबड्याखाली जे पडलेले असते, ते कुणाच्या तरी गोठ्यातले वासरू असते. फोटोखाली काढणाऱ्याचे नाव येते, वासराच्या मालकाचे येत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याचे यावल, रावेर, चोपडा, शिरपूर घ्या, नाहीतर गौताळ्याच्या कडेचे चाळीसगाव. बिबट्याने जनावर मारले, की वनखात्याचा पंचनामा होईपर्यंत ते जागचे हलवायचे नाही. हलवले तर भरपाई बुडाली. बिबट्या सारे एका रात्रीत खात नाही, उरलेले खायला पुन्हा तिथेच येतो. फोटोवाल्यांना हे पक्के ठाऊक! सांज झाली की गाड्या, बॅटऱ्या, मोबाइल घेऊन बांधावर जत्रा भरते. गलक्याने बुजलेला बिबट्या अर्धी शिकार टाकून जातो. तो काय एकादशी धरणार? दुसरा गोठा गाठतो. म्हणजे फोटो एक आणि वासरे दोन!

भरपाई तरी किती? गाय, म्हैस, बैल गेला तर बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 70,000 रुपये, यांत जे कमी ते. वाघ-बिबटे ही देशाची संपत्ती, म्हणून 1972 चा कायदा त्यांना राखतो. जरूर राखा. पण देशाच्या संपत्तीचे पोट एकट्या शेतकऱ्याने का भरायचे?

आमचे बिबट्याशी वैर नाही, कॅमेऱ्याशीही नाही. 1920 च्या दशकात चॅम्पियन नावाच्या इंग्रज वन अधिकाऱ्याने जंगलात तार लावून ठेवली. वाघाचा पाय तारेला लागला, की त्याचा फोटो आपोआप निघे. आज वनखात्याचे ट्रॅप कॅमेरे माणसाशिवाय तेच काम करतात. मग बांधावरची जत्रा कशाला?

2017 साली चाळीसगाव तालुक्यात बिबट्याने माणसे मारली. शेवटी डिसेंबरात त्याला गोळी घालावी लागली. त्या दिवसांत जीव मुठीत धरून कपाशी वेचायला जाणाऱ्या माउलीचा फोटो कोणत्या प्रदर्शनात लागला?

आपले म्हणणे सरळ आहे. मेलेल्या जनावराभोवती पंचनाम्याच्या माणसांखेरीज कुणाला फिरकू देऊ नका. पंचनामा त्याच दिवशी करा. जनावराचा पूर्ण बाजारभाव द्या. आणि शेतीपंपाला दिवसा वीज द्या, म्हणजे केळीला पाणी भरायला रात्री बिबट्याच्या वाटेवर जावे लागणार नाही.

ही भीक नाही, आमच्या वासराची किंमत आहे. जंगल ज्यांना हवे, त्यांनी जंगलाचे बिल भरावे. जिल्हा मेळाव्यात हा ठराव हात वर करून मांडा, आणि येताना आपापल्या पंचनाम्याची नक्कल घेऊन या.