भाचीचे ०.५२३६

परवा बीडहून भाचीचा फोन. "मामा, एक्सेलमध्ये ०.५ चा ए-साइन काढला. ३० यायला हवं, तर ०.५२३६ येतंय!"

म्हटलं, उत्तर रेडियनमध्ये आहे, बाहेरून डिग्रीज लाव. झालं, फोन बंद. पण मलाच चुटपुट लागली.

भास्कराचार्यांचं विज्जलविड म्हणजे बीडच, असं काही अभ्यासक मानतात (चाळीसगाववाले भांडतील, भांडोत!). त्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त, ११५० साली, ज्या काढताना त्रिज्या ३४३८ कला धरली आहे. ०.५२३६ ला ३४३८ ने गुणा: १८०० कला. ६० कलांचा अंश, म्हणजे ३०! ज्येवरून चाप काढायचा, तोही त्रिज्येच्या मापात, एवढंच एक्सेल करतं. रेडियन परका कुठला?

आपण मात्र पोरांना नुसती बटणं दाखवतो. मीही तेच केलं. रविवारी तिला पुन्हा फोन लावणार आहे.