मंदीचा बहाणा आणि कायम नोकरीचा हक्क

बाजारात मंदी आहे, मालाला उठाव नाही, तेव्हा कंत्राटी कामगाराने मिळेल त्यावर समाधान मानावे. दिवस पालटले की त्याला कायम करण्याचा विचार होईल, असा उपदेश आज मालकवर्ग आणि सरकार एका सुरात करीत आहेत. वरकरणी हा हिशेब व्यवहारी वाटतो. बेकारीला भ्यालेला तरुण तो मानूही लागतो. परंतु गेल्या पाव शतकाच्या अनुभवाने या युक्तिवादाचे पितळ उघडे पाडले आहे.

उद्योगांच्या वार्षिक पाहणीनुसार २०००-०१ साली संघटित कारखान्यांतील कामगारांपैकी सुमारे २० टक्के कंत्राटी होते. २०१०-११ पर्यंत हे प्रमाण एक तृतीयांशावर गेले. मधली वर्षे मंदीची नव्हती. उत्पन्नवाढीचे नगारे याच काळात वाजत होते. आज हे प्रमाण ४० टक्क्यांच्या पुढे आहे. तेजीत काम वाढले म्हणून कंत्राट आणि मंदीत काम घटेल म्हणून कंत्राट, असा हा दुधारी न्याय आहे. कायम नोकरी बाजाराच्या तेजीतून आपोआप टपकत नाही, हाच या आकड्यांचा अर्थ.

कायम नोकरीची खरी कसोटी बाजार नव्हे, काम ही आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम १० मध्ये ती स्पष्ट नमूद होती : काम बारमाही आहे काय, त्या उद्योगाला ते आवश्यक आहे काय, अन्यत्र ते सामान्यतः कायम कामगार करतात काय, पुरेशा पूर्णवेळ कामगारांना पुरेल इतके ते आहे काय? तेजीमंदीचा तेथे उल्लेखही नव्हता. २०२० च्या टाळेबंदीत दुकाने बंद होती, कारखाने बंद होते, गाड्या बंद होत्या. शहरांतील कचरा मात्र रोज उचलला जात होता. ज्या कामाला टाळेबंदीही थांबवू शकली नाही, ते तात्पुरते कसे?

मुंबई महानगरपालिकेच्या कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांनी हाच प्रश्न न्यायालयात विचारला. कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या दीर्घ लढ्यानंतर औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ साली सुमारे २,७०० कामगारांना पालिकेचे कायम कामगार ठरविले, आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. कंत्राट हा केवळ पडदा होता आणि खरा मालक पालिकाच होती, हे सिद्ध झाले. तरीही नावांतील व कागदपत्रांतील तफावती दाखवून अनेकांना पुढे रखडविण्यात आले. निकाल जिंकणे आणि हक्क पदरात पडणे यांतील अंतरही संघटनेलाच तोडावे लागते.

न्यायालयांचा इतिहास एकेरी नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले होते की, कंत्राट पद्धती रद्द झाल्यावर कामगार मूळ मालकाचा होतो. २००१ साली पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात घटनापीठाने तो दरवाजा लावून घेतला. २००६ च्या उमादेवी निकालाने हंगामी सरकारी कर्मचाऱ्यांचा कायम होण्याचा दावा नाकारला, आणि दहा वर्षे मंजूर पदांवर राबलेल्यांसाठी त्यात ठेवलेली एकवेळची सवलत बहुतेक खात्यांनी सोयीने विसरली. मात्र डिसेंबर २०२४ मध्ये, केंद्रीय जल आयोगातील सफाई व बागकाम करणाऱ्या कामगारांच्या खटल्यात, उमादेवीची ढाल करून वर्षानुवर्षे राबणाऱ्यांना झिडकारता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने बजावले. ऑगस्ट २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील रोजंदारी कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात तर, पैशाची चणचण हा अन्यायाला परवाना होऊ शकत नाही, असेही सुनावले. मंदीच्या बहाण्याला याहून चोख उत्तर कोणते?

या उत्तराची धास्ती घेतलेल्या मालकवर्गासाठी केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अमलात आणल्या. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी पूर्वी केंद्रीय कायद्यानुसार २० कामगारांपासून लागू होत. आता ५० पासून. कामगारकपातीच्या पूर्वपरवानगीची मर्यादा १०० वरून ३०० वर नेली. ‘मुदतबंद नोकरी’ कायद्यात पक्की बसविली. वर्षभरानंतर उपदानाचा हक्क मिळेल, हे तिचे आमिष आहे. पण मुदत संपताच मालक एक शब्दही न उच्चारता हात झटकू शकतो. मुख्य कामात कंत्राटास बंदी असल्याची जाहिरात केली जाते, परंतु अपवादांची यादी अशी की बंदीच अपवाद ठरावी.

मंदीत मालकाचे खरे शस्त्र म्हणजे दारावर उभी असलेली बेकारांची फौज. त्या फौजेचा धाक दाखवून तो कंत्राटी कामगाराला गप्प बसवितो, आणि कंत्राटी कामगाराचा धाक दाखवून कायम कामगाराला. कंत्राटी कामगाराला आपल्या युनियनच्या दाराबाहेर ठेवणारा कायम कामगार आपल्याच पायाखालची फळी कापतो. निवृत्त होणाऱ्या प्रत्येक सोबत्याच्या जागी कंत्राटदाराचा माणूस येतो आणि दहा वर्षांत त्या युनियनचा सौदा करण्याचा जोरच संपतो.

म्हणून मंदी हा थांबण्याचा काळ नाही, बांधणीचा आहे. प्रत्येक खात्यात बारमाही कामांची व रिकाम्या मंजूर पदांची यादी झाली पाहिजे. हजेरीपत्रक, वेतनचिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा, गेटपास आणि प्रत्यक्ष हुकूम कोणाचा चालतो याचा पुरावा आजपासून जपला पाहिजे, कारण कंत्राटदार बदलला की कागदही नाहीसे होतात. समान कामाला समान वेतन हे तत्त्व २०१६ च्या पंजाब खटल्यात हंगामी सरकारी कर्मचाऱ्यांनाही लागू झाले आहे. ती मागणी कायम होण्याच्या मागणीसोबत प्रत्येक करारात कायम कामगारांच्या युनियननेच मांडली पाहिजे. बाजार सुधारेल तेव्हा सुधारेल. बारमाही राबणाऱ्या हातांचा कायम नोकरीवरील हक्क त्याच्यासाठी ताटकळत बसणार नाही.