प्रश्न विचारणारे बाबा
वक्तृत्वाची खरी ताकद मला गाडगेबाबांच्या कीर्तनात दिसते. शाळेचं तोंड न पाहिलेले बाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावाला वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारायचे. कर्ज काढून सण कशाला? नवसापायी बकरं का कापता? पोरांना शाळेत का धाडत नाही? उत्तर ते समोरच्या हजारोंच्या तोंडून वदवून घेत, आणि स्वतःच मोठ्यानं दिलेलं उत्तर माणसाला सहजी टाळता येत नाही. बाबांच्या शब्दावर विसंबून लोकांनी पैसा दिला. त्यातून पंढरपूर, नाशिक, आळंदीत धर्मशाळा उभ्या राहिल्या. बाबा १९५६ साली गेले, पण त्यांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. वक्तृत्व स्पर्धेत उतरणाऱ्या मुलांना ते जरूर ऐकवा.