छप्पर कुणाचे, उकाडा कुणाचा?

कोलकात्याच्या गार्डन रीच भागातील अझहर मोल्ला बागान या वस्तीत १७ मार्च २०२४ च्या मध्यरात्री एक पाच मजली, बांधकाम सुरू असलेली बेकायदा इमारत शेजारच्या बैठ्या घरांवर कोसळली. किमान बारा जणांचा बळी गेला. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती आणि हा भाग महापौर फिरहाद हकीम यांच्याच विधानसभा मतदारसंघातला. त्यामुळे आरोप-प्रत्यारोपांना ऊत आला, विकासकाला अटक झाली, महापालिकेच्या अभियंत्यांना कारणे दाखवा नोटिसा गेल्या. मृतांच्या वारसांना पाच लाख आणि जखमींना एक लाख रुपये जाहीर झाले. सगळी चर्चा कोसळलेल्या इमारतीची होती. ती ज्या छपरांवर कोसळली त्या छपरांविषयी मात्र कोणी अवाक्षर काढले नाही. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, ३० एप्रिल रोजी, शहराच्या अलीपूर वेधशाळेत पारा ४३ अंशांवर गेला. त्या दिवशी अशाच छपरांखाली जे घडले त्याची चौकशी झाली नाही आणि भरपाईचा तर प्रश्नच नव्हता.

मराठी अधिकारीवर्गाला गार्डन रीच हे नाव अपरिचित नाही. पूर्वीच्या बंगाल-नागपूर रेल्वेचा आणि आजच्या दक्षिण पूर्व रेल्वेचा कारभार येथूनच हाकला जातो. २००३ मध्ये बिलासपूरचे नवे क्षेत्र होईपर्यंत नागपूर विभागाच्या फायलीही येथेच येत. हुगळीच्या काठी उंच छताचे, रुंद व्हरांड्यांचे, दारे-खिडक्या समोरासमोर ठेवलेले बंगले साहेबांसाठी बांधले गेले ते हौसेखातर नव्हे. बंगालचा उन्हाळा झेलून माणसाने काम करावे ही सरकारची गरज होती आणि तिच्यासाठी सरकारने पैसा मोजला. घर ऋतूला तोंड देण्याजोगे करून देणे हे राज्यसंस्थेचे काम आहे काय, असा प्रश्न हल्ली विचारला जातो. आपल्या नोकरांपुरते त्याचे उत्तर तिने केव्हाच देऊन टाकले आहे.

या बंगल्यांच्या कुंपणापलीकडे मेटियाबुरूज आहे. १८५६ मध्ये राज्य गमावलेला अवधचा नवाब वाजिद अली शाह येथे येऊन राहिला आणि त्याच्या मागोमाग आलेल्या कारागिरांची वस्ती वाढत गेली. आज हा भाग तयार कपड्यांच्या धंद्यासाठी ओळखला जातो. येथे ‘ओस्तागर’ म्हणजे काम देणारा मालक-शिंपी, आणि त्याच्याकडून कापलेले कापड घेऊन शिवणारी, काजे-बटणे करणारी असंख्य कुटुंबे. मजुरी नगावर मिळते आणि काम बहुधा राहत्या खोलीतच चालते. येथे घर हाच कारखाना असतो. पत्र्याखाली तापलेल्या खोलीत दुपारी दोन तास मशीन थांबले तर ते नुकसान कोणत्याही सरकारी पंचनाम्यात येत नाही. ते त्या आठवड्याच्या हिशेबात येते. हवामान बदलावरील आंतरराष्ट्रीय समितीच्या २०२१ च्या अहवालात जगातील काही मोठ्या शहरांच्या तापमानवाढीचे आकडे आहेत. १९५० ते २०१८ या काळात कोलकाता २.६ अंशांनी तापले, आणि त्या यादीत सर्वांत वरचे नाव याच शहराचे होते.

उपाय अज्ञात नाहीत आणि अवाक्याबाहेरचेही नाहीत. छताला चुन्याचा किंवा परावर्तक रंगाचा पांढरा हात, पत्र्याखाली अस्तर, भिंतीच्या माथ्याशी वारा खेळायला झरोका आणि पावसाळ्यापूर्वी गळक्या सांध्यांची दुरुस्ती. मे २०१० च्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिल्यावर तेथील महापालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांतील सुमारे तीन हजार छपरे रंगवण्याचा प्रयोग हाती घेतला. घरातले तापमान अशाने दोन ते पाच अंशांनी उतरते, असा अंदाज आहे. रंग धुळीने काळवंडतो, दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, गंजलेल्या पत्र्यावर तो टिकत नाही आणि जुना सिमेंटचा पत्रा खरवडला तर अॅस्बेस्टॉसची धूळ नाकात जाते. पण या अडचणी कारागिरीच्या आहेत. खरी अडचण दुसरीकडे आहे.

ती अशी, की कोलकात्याची ‘बस्ती’ म्हणजे मुंबईची झोपडपट्टी नव्हे. बस्तीतल्या अनेक जमिनींवर ‘ठीका’ नावाची तीन मजली व्यवस्था आहे. जमीन एकाची, तिच्यावर झोपड्या बांधणारा ठीका-भाडेकरू दुसरा आणि त्या झोपडीत भाडे भरून राहणारा ‘भाडाटिया’ तिसरा. डाव्या आघाडी सरकारच्या १९८१ च्या कायद्याने वरचा जमीनदार हटवून जमीन सरकारजमा केली आणि २००१ च्या कायद्यानेही तीच चौकट पुढे चालवली. जमीनदार गेला, मधला राहिला आणि खालचा होता तिथेच राहिला. छप्पर मधल्याचे आणि उकाडा खालच्याचा. मधल्याने खर्च करावा तर त्याला लाभ नाही. खालच्याने करावा तर घर त्याचे नाही, आणि सुधारलेल्या खोलीचे भाडे उद्या वाढणार नाही याची हमीही नाही. दुरुस्तीची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे हे खरे, परंतु नियंत्रकाकडे दाद मागायला जाणाऱ्या भाडेकरूची मजुरी बुडते आणि मालकाशी वाकडे येते ते वेगळेच.

सरकारी योजनांनी या गाठीला हात लावण्याचे आजवर टाळले आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या महानगर विकास प्राधिकरणाने बस्ती सुधारणेचा मोठा कार्यक्रम राबवला. नळ आले, संडास आले, गल्ल्या फरसबंद झाल्या, दिवे लागले. आणि उंबऱ्यापाशी येऊन कार्यक्रम थांबला. आत जायचे तर मालकी विचारावी लागली असती. महाराष्ट्राच्या १९७३ च्या झोपडपट्टी सुधार मंडळानेही याहून फार निराळे काही केले नाही. केंद्राच्या २०१५ च्या शहरी आवास योजनेत स्वतःचे घर स्वतः बांधण्यासाठीचे अनुदान होते, परंतु त्यासाठी जमिनीचा कागद लागे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ७५,०२१ कोटी रुपयांच्या सूर्यघर योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. तिच्यात छतावर सौर पाट्या बसवणाऱ्यास ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. अट एवढीच, की घर स्वतःचे असावे आणि छत पाट्या पेलणारे असावे. योजना वाईट नाही. पण ज्याचे छत मजबूत आहे त्याला ७८ हजार आणि ज्याचे छत तापते त्याला चुन्याची एक बादलीही नाही, हा हिशेब कुणा अर्थमंत्र्याने लोकसभेत उलगडून सांगायला हवा. तेलंगणाने २०२३ मध्ये शीतल छतांचे धोरण आणले, तेही याच वाटेने गेले. सरकारी व व्यापारी इमारतींना आणि ६०० चौरस यार्डांवरील भूखंडांवरच्या घरांना सक्ती, त्याहून लहानांना ऐच्छिक.

पैसा नव्हता असेही नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी राज्यांच्या आपत्ती सौम्यीकरण निधीत ३२,०३१ कोटी रुपये ठेवले होते. मात्र त्याच आयोगाने राष्ट्रीय आपत्तींची यादी वाढवण्यास नकार दिला आणि उष्णतेची लाट त्या यादीबाहेरच राहिली. पुरात वाहून गेलेल्या भिंतीला जी ओळख मिळते ती तापून राहण्याजोगी न उरलेल्या खोलीला मिळाली नाही.

अमेरिकेने हा पेच १९७६ मध्ये सोडवला. तेलटंचाईच्या त्या वर्षांत अध्यक्ष फोर्ड यांच्या कारकिर्दीत गरिबांची घरे थंडी-वाऱ्यापासून बंदिस्त करून देण्याचा कार्यक्रम कायद्याने सुरू झाला. आधी तपासनीस घरी जातो, दारात मोठा पंखा बसवून हवा कुठून गळते ते मोजतो आणि मग काम ठरते. वृद्ध, अपंग आणि लहान मुले असलेल्या कुटुंबांना प्राधान्य. भाडेकरूही पात्र, मात्र दोन अटींवर: मालकाची लेखी संमती हवी, आणि झालेल्या सुधारणेचे निमित्त करून त्याने ठरावीक मुदतीत भाडे वाढवता कामा नये. मदत घराला आणि संरक्षण भाडेकरूला. तेथील थंडीचे तंत्र गार्डन रीचच्या दमट उन्हाळ्यात उपयोगी नाही. बंद घर येथे भट्टी होईल. उचलण्यासारखा आहे तो करार.

आणि त्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. मुंबईत भाडेनियंत्रणाने भाडी गोठली, मालकांनी चाळींकडे पाठ फिरवली आणि इमारती कोसळू लागल्या, तेव्हा बेडेकर समितीच्या अहवालानंतर १९६९ मध्ये दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. मालक-भाडेकरूचे भांडण मिटण्याची वाट न पाहता उपकर गोळा करून सुमारे १९,६०० जुन्या इमारतींची दुरुस्ती सरकारने अंगावर घेतली. या मंडळाचा इतिहास गौरवास्पद आहे असे कोणी म्हणणार नाही. निधी अपुरा पडला, टेकू वर्षानुवर्षे तसेच राहिले, पावसाळ्यागणिक इमारती पडतच राहिल्या. तरीही मालकी कुणाचीही असो, आत राहणाऱ्याचा जीव वाचवण्यासाठी शासन इमारतीला हात लावू शकते, हे तत्त्व महाराष्ट्राच्या कायद्यात तेव्हापासून आहे. चाळीतल्या मतदारांची संघटित ताकद त्यामागे होती, हेही विसरता येत नाही. मेटियाबुरूजच्या भाडाटियापाशी ती नाही. त्याची गणना मतदार म्हणून होते, रहिवासी म्हणून नाही.

बंगालमध्ये हे घडवायचे तर पंचवीस लाखांची घरकुल घोषणा लागत नाही. ठीका जमिनीचा धनी १९८२ पासून सरकारच आहे. ठीका-भाडेकरूच्या हक्काची नोंद आणि नूतनीकरण त्याच्याच नियंत्रकाच्या कचेरीत होते. त्या नोंदीत दोन ओळी वाढवता येतील: महापालिकेने छताला रंग, अस्तर वा झरोका करून दिल्यास हरकत घेता येणार नाही, आणि त्यानंतर तीन वर्षे भाडाटियाचे भाडे त्या कारणाने वाढणार नाही. गार्डन रीच विभाग १९८४ मध्ये महापालिकेत सामील झाला, तेव्हापासून तेथील वॉर्ड कार्यालयांत डासांची औषधफवारणी करणारी माणसे दारोदार जात आली आहेत. कोणत्या गल्लीत कोणते छप्पर पत्र्याचे आणि कोणते कौलांचे, हे त्यांना कागदाशिवाय ठाऊक असते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात काम सुरू केले तर एप्रिलच्या अखेरीपूर्वी निदान दोन-तीन वॉर्डांतील पत्र्याची छपरे पांढरी होऊ शकतात.