‘बारोमास’चा अनुत्तरित प्रश्न

वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या दुरवस्थेची चर्चा बहुधा पाऊस, कर्ज आणि कापसाचा भाव यांभोवती फिरते. कादंबरीकार सदानंद देशमुख यांनी तिच्यात आणखी एक प्रश्न आणला : शेतकऱ्याच्या शिकलेल्या मुलाने करावे काय?

बुलढाणा जिल्ह्यातील अमडापूर येथे १९५९ साली जन्मलेले देशमुख बुलढाण्यास मराठीचे प्राध्यापक झाले. पण त्यांच्या लेखणीने शिवार सोडले नाही. कथासंग्रह आणि पाणीटंचाईवरील ‘तहान’ यांच्या पाठोपाठ २००२ साली ‘बारोमास’ आली. २००४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिचा नायक एकनाथ एम.ए., बी.एड. आहे. शिक्षकाची जागा हवी तर संस्थाचालकाच्या हातावर पैसा ठेवावा लागतो. तो पैसा शेतीतून निघत नाही आणि शेत विकावे तर घर उघड्यावर पडते. नोकरदाराच्या संसाराची आशा धरून आलेली त्याची पत्नी अलका या घरात गुदमरते.

ज्या अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांनी बहुजनांच्या मुलांसाठी शिक्षणसंस्था उभी केली, ज्या अकोल्यात १९६९ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ त्यांचे नाव धारण करते, त्याच वऱ्हाडातील हे चित्र आहे. शिक्षणाने कुणब्याचे पोर दारिद्र्यातून सुटेल, हे भाऊसाहेबांचे स्वप्न खोटे नव्हते. मात्र पुढे नोकरीचाच लिलाव होऊ लागला, तेव्हा ज्याच्या गाठीला पैसा नाही त्याची पदवी कागद ठरली.

जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी अमरावती, अकोल्यासह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तीत सिंचन आणि थकित कर्जावरील व्याजमाफी यांना प्रमुख स्थान होते. ते आवश्यकच होते. परंतु चार वर्षे आधी कादंबरीने दाखविलेल्या एकनाथाला त्यातून नोकरी मिळणार नव्हती.

लेखकाला शाल-श्रीफळ देऊन त्याचे म्हणणे कपाटात ठेवण्याची आपली रीत जुनी आहे. कार्यकर्त्यांनी तरी ती मोडावी. कर्जमाफीसाठी मोर्चा काढणाऱ्यांना शिक्षकभरतीतील देणगीविषयी मौन पाळता येणार नाही, मग ती संस्था आपल्याच सोयऱ्याधायऱ्यांची का असेना. ‘बारोमास’ अभ्यासवर्गात वाचली जावी, आणि वाचून झाल्यावर आपल्या तालुक्यातील एकनाथांची मोजदाद व्हावी. त्या लेखकाचा खरा सन्मान तोच.